तांबडीच्या गळ्यातला पट्टा

माझे धाकटे दीर एका गायीपायी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडवळणं मला जमत नाहीत.

पशुसंशोधन केंद्राच्या गोठ्यात भाऊजींची उभी हयात गेली. तिथल्या तांबडी गायीची आई विताना गेली, तेव्हा भाऊजींनीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. घरात एवढे लाड कोणाचे झाले नाहीत. पुढे केंद्रात नव्या संशोधक बाई आल्या आणि त्यांनी गायींच्या गळ्यात यंत्राचे पट्टे घातले. गाय कधी खाते, कधी रवंथ करते, कधी नुसतीच मान वर करून उभी राहते, सगळं बाईंच्या कॉम्प्युटरवर उमटायचं.

तिथेच माशी शिंकली. सकाळी चारा घालायचे भाऊजी, संध्याकाळी लंबू नावाचा नवा गडी. संध्याकाळी तांबडी गव्हाण चाटूनपुसून साफ करायची. सकाळी दोन-चार घास घेऊन थांबायची. त्यात ती गाभण. बाई म्हणाल्या, "ज्याच्या हातून नीट खाते, त्याच्याकडेच तिला सोपवायची."

भाऊजींचं जेवणावरून मन उडालं. "वहिनी, तो नक्की खिशातून काहीतरी चारतो तिला."

जाऊ भांडी घासता घासता म्हणाली, "माझ्यासाठी कधी असं जळला नाहीत."

"तुझ्याकडे कुठला लंबू येतो?"

दुसऱ्या दिवशी या गृहस्थांनी काय करावं? तांबडीचा पट्टा काढून शेजारच्या खादाड गायीला अडकवला. कॉम्प्युटरवर तांबडी नुसती हाणतेय. बाई खूश होऊन स्वतः बघायला आल्या. पाहतात तर तांबडीचा गळा बोडका, गव्हाण भरलेली, आणि मान उंच करून ती भाऊजींकडे टक लावून बघतेय.

बाई आधी तापल्या, मग हसल्या. "अहो काका, तुम्ही समोरून हलत नाही, म्हणून ती खात नाही. पट्टा रोज मान वर दाखवायचा. मला वाटलं, काही दुखतंय."

"आणि लंबू असताना?"

"त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

तांबडी लंबूकडे गेली. भाऊजींना तिच्या समोर जायची बंदी. मला वाटलं, आता तरी हा माणूस निवेल. छे. तिच्या खाण्याच्या वेळी पेंडीच्या पोत्यांआड उभे राहतात आणि घरी येऊन सांगतात, "आजही त्याच्यासाठी मान वर केली नाही तिनं."

काल मात्र आले ते गप्पच. ताट तसंच ठेवून उठले. जाऊ माझ्या कानाशी लागली, "आज केली वाटतं."