हेल काढणारी अरिशत

कार्थेजपासून दोन दिवसांच्या चालीवर, डोंगराच्या कुशीत वसलेल्या त्या गावात माणूस गेलं की पहिलं बोलावणं अरिशतला जायचं. प्रेत धुवायचं आणि मग केस मोकळे सोडून, प्रेताच्या पुढं चालत हेल काढून रडायचं, हा तिचा धंदा. आईनं हेच केलं, आजीनंही. रडण्याची शेवटची ओळ ठरलेली असे: "जा रे बाबा, जा, वाट मोडली, मागं फिरू नको." या ओळीनं मेलेलं माणूस वाटेला लागतं, नाहीतर घराभोवती घुटमळत राहतं, अशी तिची खात्री होती. चाळीस वर्षांत तिनं अर्धं गाव वाटेला लावलं होतं.

इद्दिबाल तेलाच्या घाण्यावर राबायचा; एकच देव मानणाऱ्या नव्या पंथातला. सम्राटाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकायला तो नाही म्हणाला, म्हणून त्याला आखाड्यात बिबट्यापुढं सोडलं. त्याची आई जुन्या देवांना मानणारी. तिनं अरिशतला बोलावून घेतलं. अंग धुताना अरिशतनं पाहिलं, उजवा हात कोपरापासून नव्हताच. आखाड्यातली वाळू उपसूनही तो मिळाला नव्हता. तिनं बाही दुमडून टाचली.

पुरायला इद्दिबालची बायको क्वार्तिला आणि त्यांच्या पंथाची दहा-बारा माणसं आली, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत. कुणाच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. दोन्ही हात पसरून ती सगळी हलक्या आवाजात गात होती. अरिशतला ते बघूनच कसंतरी झालं. तरी तिनं ऊर बडवला, हेल काढला. शेवटची ओळ अर्ध्यावर आली, तसा क्वार्तिलानं तिचा हात धरला.

"मावशी, रडा हवं तर. पण मागं फिरू नको, एवढं म्हणू नका. यायचेत ते."

"कोण यायचंय?"

"हेच. असेच, अंगानिशी. आणि एकटे नाहीत, सगळेच उठतील."

अरिशत केस बांधून बाजूला झाली. ओळ अर्धीच राहिली.

घरी आली तरी 'सगळेच' हा शब्द काही डोक्यातून जाईना. सासूला उपाशी मारणारी ती कुंभारीण, जिला तिनं मायेचा झरा म्हणून गळा काढला होता, ती येणार. पाळण्यातली पोरं येणार. आणि तिची स्वतःची सात वर्षांची लेक, तापानं गेलेली. तिलाही अरिशतनं याच तोंडानं बजावलं होतं, मागं फिरू नको.

चौथ्या दिवशी भर दुपारी ती कबरीवर गेली. राहिलेली ओळ पुरी करायची आणि मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं. गवंड्यानं आदल्या दिवशीच कबरीवर चुन्याचा गिलावा केला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. गिलाव्यावर पंजा उमटला होता. उजवा, रुंद, घाण्यावर राबून जाड झालेल्या अंगठ्याचा. तिनं वाकून बोट फिरवलं. ठसा आत दबलेला नव्हता. बाहेर उठून आला होता.

तिनं क्वार्तिलाला आणलं. क्वार्तिलानं आपला पंजा त्यावर ठेवला; बोटं पेरभर आखूड पडली. गवंडी शपथेवर म्हणाला, आपण गुळगुळीत करून गेलो होतो. क्वार्तिला हरखेल असं अरिशतला वाटलं होतं. पण तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"मी वाट बघते त्यांची," ती हळूच म्हणाली, "पण मलाही भीती वाटते, मावशी."

त्यानंतर अरिशतनं रडणं सोडलं. प्रेतं धुवायची तेवढी. म्हातारीची दातखीळ बसली, असं लोक टोमणे मारायचे. ती ऐकून घ्यायची. त्या पंथात मात्र गेली नाही.

दोन वर्षांनी पुन्हा धरपकड झाली. क्वार्तिलाला नेलं, तेव्हा तिच्या दारात बसलेल्या अरिशतलाही शिपायानं हटकलं, तूही यांच्यातलीच का?

"ठाऊक नाही, बाबा. पण यांचं खरं निघालं, तर मला लई जणांना तोंड दाखवायचंय."

शिपाई हसला आणि तिला ढकलून पुढं गेला.

क्वार्तिलाची मान तलवारीनं उडवली. अरिशतनंच तिला धुतलं, मान शिवली, केस विंचरले. मग उशाशी बसून ती गावच्या गोष्टी सांगू लागली. ऑलिव्ह यंदा उशिरा धरलेत, शेजारणीच्या शेळीला जुळं झालंय, गवंड्याच्या पोरीचं जमलंय. पांढऱ्या कपड्यातली माणसं येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या एकानं गाणं सुरू केलं, तशी अरिशतनं मान वर केली.

"थांबा जरा," ती म्हणाली, "आमचं बोलणं चाललंय."