सातवा भाग आधी

सुटलेलं पुस्तक चिकटवायला आज मैद्याची खळ शिजवली, आणि त्या वासानं मला नांदेडच्या स्वयंपाकघरातून थेट लातूरच्या जुन्या वाचनालयात नेलं.

मी नववीत होते. जादूच्या राज्याची ती दहा भागांची कादंबरी बाइंडरनं भागागणिक सारख्याच लाल कापडात बांधलेली, भागांचे आकडे कापडाखाली गेलेले. म्हणून सगळे भाग वाचलेल्या चुलतभावाला, दिलीपदादाला, विचारलं.

"हे घे. खरी मजा हितूनच सुरू होती," तो गंभीरपणे म्हणाला.

तो सातवा भाग होता. पहिल्याच पानावर राणीची चिता जळत होती. मग आधीचे सहा भाग वाचताना राणी हसली की मला रडू यायचं. दादा मात्र पोट धरून हसला होता. तेव्हा ती मस्करी वाटली. आज वाटतं, त्यानं माझे सहा भाग चोरले.

खळ ढवळत असतानाच दादाचा फोन आला. "मंगल, मोतीबिंदू काढला बघ. त्या कादंबरीचे नवे तीन भाग आणलेत, पर वर आकडेच न्हाईत. तू वाचलेस नं? आधी कोणता घेऊ?"

"हिरव्या कव्हरचा घे, दादा. खरी मजा हितूनच सुरू होती."

त्याच्या लाडक्या सेनापतीची चिता त्या शेवटच्या भागात पहिल्याच पानावर आहे.