ब्रेकला तेल पाजलं तेव्हा

खंडेनवमीला आमच्या घरी लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला तेल लागतं. विळा, कुदळ, माझं शिलाई मशीन, कोणी सुटत नाही. त्या वर्षी मी आमची तीनचाकी लोडिंग रिक्षाही धुऊन-पुसून तिला हार घातला. मागच्या चाकांचे ब्रेक करकरायचे, म्हणून मशीनची तेलाची कुपी घेतली आणि चाकातल्या ब्रेकच्या गोल डब्याच्या, म्हणजे ड्रमच्या, बारक्या भोकातून चांगली धार सोडली. दोन्हीकडं! करकर बंद. मी खूश.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, हसनाबादचं गिऱ्हाईक गाडी विकत घ्यायच्या बेतानं बघायला येणार होतं. नवरा पुण्याला कंपनीत, मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे धरलेले. मंग गाडी चालवणार कोण? अहो, मी! महिनाभर शेताच्या वाटेवर शिकले होते. पण मामांचं एकच, "चालवणं सोपं हाय बाई, थांबवून दाखव." शेवटी ठरलं, की मी मोसंबीचे क्रेट भरून उतारावरून गाडी अंगणात आणायची. नीट थांबली तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं.

खंडेनवमीच्याच संध्याकाळी निघाले. उतारावर ब्रेक दाबला. पाय पॅडलवर रोवून धरला, तरी गाडी आपली चाललीच! हँडब्रेक ओढला, तोही वाया. अगं आई गं! कसाबसा पहिला गियर टाकला, हँडल वळवलं आणि कडब्याच्या गंजीत घुसवली. मोसंब्या अंगणभर झाल्या.

मामा लंगडत आले. आता गाडी गेलीच, असं वाटून मला रडूच फुटलं. "लागलं न्हाई ना?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि चाक खोलायला बसवलं. मलाच! ड्रम निघाला तसं आतून तेल ठिबकलं. मामांनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले.

"अगं, हे काय शिलाई मशीन हाय? मशीन घासू नये म्हणून तेल. अन् ब्रेकचं तर सगळं घासण्यावरच चालतं!"

मंग त्यांनी पॅडल दाबून दाखवलं. तार ताणली, तारेनं दांडी ओढली, दांडीनं आतला कॅम, म्हणजे चपटा खुंटा, जरासा फिरला आणि अर्ध्या चंद्रासारखे दोन शू बाजूला सरकले. पाय उचलला, की स्प्रिंगनं खटकन परत जागेवर. एवढंच! शूंवरचं लायनर, म्हणजे खरखरीत पट्टी, फिरत्या ड्रमला आतून घासतं, म्हणून चाक थांबतं. आणि खरी गंमत पुढंच. शू ड्रमला टेकला रे टेकला, की फिरता ड्रमच त्याला ओढून आणखी घट्ट दाबून घेतो. चाकाचाच जोर चाकाला थांबवतो! मी टाळ्याच पिटल्या. मामांना दहादा पॅडल दाबायला लावलं.

"गिऱ्हाईक येतंय तर येऊ दे," मामा म्हणाले. "सकाळी नवे शू बसव, अन् पुन्हा उतर."

त्यांच्या पेटीत शूंचे नवे जोड होते. सकाळी मी ड्रम पेट्रोलनं पुसून कोरडे केले, शू बसवले, तार बेताची ताणली. जास्त ताणली तर लायनर ड्रमला चिकटून राहतं आणि ड्रम तापतो.

क्रेट भरून उताराच्या डोक्यावर गेले. खाली गिऱ्हाईक येऊन उभं होतं. आणि मामा? मामा काठी टेकून बरोबर वाटेच्या मधोमध!

"मामा, बाजूला व्हा!" मी जीव तोडून ओरडले. हलतील तर शपथ!

पाय दाबला. ब्रेकनं धरलं. धरलं हो! गाडी मामांच्या काठीपासून चार हातांवर गपकन उभी राहिली.

गिऱ्हाईक पुढं आलं. "फक्कड ब्रेक हायेत की काका! बोला, काय म्हणता?"

मामांनी काठीनं माझ्याकडं दाखवलं. "मला काय इचारता? गाडीवालीला इचारा."

मी खालीसुद्धा उतरले नाही. हँडल घट्ट धरून बसल्या जागेवरून ओरडले, "न्हाई विकायची!"