खंदक, मसूर आणि दौलतच्या शिव्या

नागपूरच्या कुसुमताई, गुडघा काय म्हणतो? जिना चढू नका म्हटलं होतं, चढल्याच असाल. अमरावतीचे बंडूभाऊ, साखर तपासली का, की आधी जिलेबी आणि मग तपासणी? इटारसीच्या सूनबाई, बाळाचा खोकला थांबला ना? आणि जे नुसतंच वाचतात, कधी एक शब्द लिहीत नाहीत, ते ठणठणीतच असणार. मी बरा आहे. दात तेवढे रात्री वेगळे निजतात, वाटीत.

कुसुमताईंनी विचारलं होतं, जबलपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय आहे? सगळे भेडाघाट सांगतील. संगमरवर, नाव, फोटो. मी तुम्हाला शहपुऱ्याकडच्या एका शेतात नेतो. तिथे बघण्यासारखं काहीही नाही. मी गेलो होतो ते एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत.

तेव्हा आम्ही जबलपूरच्या फॅक्टरीत दारूगोळ्याच्या पेट्या बांधायचो. ओव्हरटाईम एवढा की घरी गेलो तर कुत्रं भुंकायचं. खिडक्यांना काळा कागद आणि क्वार्टरांपुढे खंदक. लढाई शेकडो कोस लांब होती, पण खंदक आमचे दृष्ट लागण्यासारखे. माझ्या जोडीला वामन होता, वर्ध्याकडून येऊन शहपुऱ्याजवळच्या गावात शेती करणाऱ्या घरचा. एके दिवशी त्यानं डबा उघडलाच नाही.

"काहून रे?" मी विचारलं.

"दौलतचं काही खरं नाही," वामन म्हणाला.

दौलत हा त्याचा धाकटा भाऊ. फौजेत भरती व्हायला निघाला, तेव्हा गावानं त्याला ढोल वाजवत, हार घालत स्टेशनवर पोचवलं होतं. भरतीत छाती बोटभर कमी भरली. पोरगा गेला तसा परत आला. आता हार घातलेल्या माणसानं परत कसं यायचं, याची रीत गावात कुणाला ठाऊक नव्हती. मग पारावरच्या मंडळींनी सोपी रीत काढली, "आले का जी जनरलसाहेब!" असं विचारायची. दौलत शेतातल्या झोपडीत जाऊन बसला. त्यांची आई, माई, तिथं भाकर ठेवून यायची. तो कुणाशी एक शब्द बोलत नव्हता.

"माई म्हणते, एक दिवस उठून कुठं निघून जाईल," वामन म्हणाला. "मग शोधायचं कुठं?"

रजा तर मिळण्यासारखी नव्हती. रविवारची सुट्टी तेवढी मिळाली. जबलपुरात घमापुरातून पहाटे टांग्यानं स्टेशन गाठलं आणि पॅसेंजरनं भिटोनी, म्हणजे शहपुऱ्याचं स्टेशन. उतरल्याउतरल्या मंगोडे खाल्ले. मुगाच्या डाळीची भजी, गरम, वरून हिरवी मिरची. तुम्ही गेलात तर रिकाम्या पोटी जा. आता मोटारीचा रस्ता चांगला झालाय म्हणतात. आम्ही मात्र पुढे बैलगाडीनं गेलो आणि गाडीपेक्षा जास्त चाललो.

वाटेत मी वामनला दौलतपुढे द्यायचं भाषण म्हणून दाखवलं. त्यात देश होता, कर्तव्य होतं, आई होती.

"छान आहे," वामन म्हणाला. "फक्त बोलू नको."

पण झोपडीशी पोचल्यावर मी बोललोच. दौलत पाठ करून बाजेवर पडला होता. सगळं ऐकून घेतलं, आणि घोंगडी डोक्यावरून ओढली. माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका भाषणाला मिळालेली ही दाद.

मग मला दुसरी कल्पना सुचली. गावकऱ्यांनी बॅटरीवरचा रेडिओ ऐकून ऐकून वामनच्या मागे लकडा लावला होता, "भैया, हवाई जहाज इधर आ गया तो?" गावात वीज नव्हती, सडक नव्हती, शत्रूला पत्ता विचारत यावं लागलं असतं. तरी त्यांना खंदक हवा होता. म्हटलं, हा खंदक झोपडीसमोरच खणू. पाहुणा घाम गाळतोय आणि आपण पडून आहोत, या लाजेनं तरी पोरगा उठेल. वामन माणसं नि फावडी आणायला गावात गेला. मी कुदळ उचलली. समोर कापलेल्या भाताची धसकटं, मध्ये बोटभर तण. पडीकच रान, म्हटलं.

चांगला दोन हात लांब चर खणला असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए! डोळे फुटले का बे तुझे?"

वळून पाहिलं तर दौलत. अनवाणी, केस पिंजारलेले, घोंगडी अर्धी खांद्यावर.

"खंदक खणून राहिलो," मी म्हटलं. "बॉम्ब पडला तर..."

"बॉम्बाची काय गरज? तू आहेस ना! मसूर आहे ती! माझी मसूर!"

तिकडे उतेरा करतात. भात उभं असतानाच ओल्या चिखलात मसूर फेकायची. भात निघालं की ती वर येते. मी आयुष्यभर मसूर खाल्ली होती ती शिजवलेली. मी ज्याला तण म्हणत होतो ते दौलतनं भरतीला जायच्या आधी स्वतःच्या हातानं फेकलेलं पीक होतं, आणि ते राखायलाच तो तिथं बसलाय असं चारचौघांत सांगायची माईची सोय होती.

त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत, सूनबाई वाचतात. माझं खानदान झालं, फॅक्टरी झाली, माझी पेन्शन अजून लागायची होती तीही झाली. मधेच वामन माणसं घेऊन आला, बांधावर माईसुद्धा. मी म्हटलं, आता भाऊ मध्ये पडेल. भाऊ हाताची घडी घालून ऐकत उभा.

"माई," तो हळूच म्हणाला, "बोलून राहिला गं."

"देऊ दे," माई म्हणाली. "अजून देऊ दे."

पारावरचे ते टिंगलखोर म्हातारे तर पोट धरून हसत होते. "बाबूजी, चने भी खोद डालो!" आणि दौलत, चिडलेला, मान वळवून त्यांना म्हणाला, "याला पेट्या बांधायला ठेवलंय म्हणे! कशी जिंकतील लढाई?" पुन्हा हशा. या वेळी दौलतही हसला. लगेच तोंड आवळलं, पण हसला.

दुपारी आम्ही सगळ्यांनी चर बुजवला. खंदक पलीकडच्या खऱ्या पडीक जागेत खणला, दौलतच्या हुकमावरून. मला कुदळीला हात लावू दिला नाही, पाणी पाजायला ठेवलं. संध्याकाळी माईच्या चुलीपाशी मसुरीचं वरण होतं. दौलत जेवायला घरी आला, माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, "ओळखली का?" मग पारावर गेला. कारण ही गोष्ट सांगायला त्याच्याइतका लायक माणूस गावात दुसरा नव्हता. आम्ही गाडी पकडायला निघालो तेव्हा तो ती तिसऱ्यांदा सांगत होता, आणि माझा चर प्रत्येक वेळी हातभर वाढत होता.

सोमवारी हाताला फोड घेऊन पाळीवर हजर. त्या गावाला बोटभर छातीपेक्षा मोठं हसं हवं होतं, ते मी दिलं. फार अक्कल लावून दिलं असतं तर जमलं नसतं. दौलत पुढे जनरल झाला नाही. दोन पोरी, एक मुलगा, पाठीचं दुखणं आणि अजून मसूर. त्याच्या नातवंडांना मी खंदकवाले आजोबा म्हणूनच माहीत आहे. नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही, आणि मीही सांगितलं नाही.

हल्ली तुमच्यापैकी दोघा-तिघांनी लिहिलं की पोरगा खोलीबाहेर येत नाही, गावी नेलं तरी माडीवरून उतरत नाही. काय करावं, मला ठाऊक नाही. पण त्यानं आपल्या हातानं काय लावलंय, कशाला तो 'माझं' म्हणतो, ते मला कळवा. लवकर कळवा, वाट पाहतोय. कुदळ आणणार नाही.