पिवळं पाणी

परवा शेजारणीने हळदीकुंकवाचा करंडा उघडला आणि हळदीच्या वासाने मला थेट पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नेलं, जिथे मी नाशिकहून बायकांना स्वच्छता शिकवायला गेले होते. समाजमंदिरात भाताच्या पेंढ्याचा वास भरला होता आणि हात का धुवायचे हे मी रंगीत तक्ते दाखवून अर्धा तास सांगत होते. बायका जांभया देत होत्या. दाराशी अंगणवाडीची मदतनीस बसली होती, जेमतेम सातवी शिकलेली. माझं संपल्यावर ती उठली आणि एका सुनेला म्हणाली, "सगळ्यांना हळदीकुंकू लाव, मग पाणी दे." सुनेने नेहमीसारखा बोटांसकट पेला हंड्यात बुडवला. मदतनिशीने तो काचेचा पेला उजेडात धरला. पाण्यात हळद उतरली होती. "ही दिसती, म्हणून पिववत नाय. परसाकडून आल्यावर हाताला ऱ्हातं ते दिसत नाय, म्हणून रोज पितो," ती म्हणाली. एका म्हातारीने लांब दांड्याचं ओगराळं आणायला नातीला तडक घरी पिटाळलं. मी टाळ्या वाजवल्या, पण आतून नुसती जळत होते. निघताना तिचा निरोपही घेतला नाही. पुढे कितीतरी गावांत मी हळदीचा तोच प्रयोग केला, आणि "हे कसं सुचलं मॅडम?" असं कुणी विचारलं की नुसती हसायचे. तिचं नाव मला अजून पाठ आहे. आज इथे तरी लिहीन म्हणून बसले होते, पण हात काही धजला नाही.