पाणीमंत्री आणि सरांची बाटली

आमच्या स्टाफरूममध्ये पूर्वी किस्से साचायचे ते परीक्षेचे, नाहीतर तपासणीला आलेल्या साहेबांचे. हल्ली सगळे उन्हाचे! फेब्रुवारीतच असं तापतं, की मे महिन्यासाठी काही शिल्लक ठेवलंय की नाही, अशी शंका येते. तामलवाडीजवळच्या एका वाडीवर आमची छोटी शाळा. हेडसर, मी, खिचडी करणाऱ्या सुनंदामावशी आणि पोरं, एवढाच कारभार.

*

सुरुवात श्रावणीपासून झाली. तिसरीतली ही पोरगी भर प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. थोड्या वेळात तिची आजी शाळेत हजर. "आनिक एकदा पडली तर पाऊस पडंपतूर पोरगी घरीच ऱ्हाईल," असं सरांना बजावून गेली.

पोरगी हुशार, शाळेची वेडी. सरांच्या मनाला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाण्याची घंटा सुरू केली. घंटा झाली की सगळ्यांनी बाटली काढून पाणी प्यायचं. बाटली भरलेली दिसली की सरांचं ठरलेलं वाक्य, "उद्या पालकांना घेऊन ये."

*

तरी श्रावणीची बाटली भरलेलीच. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. खाली बघत म्हणाली, "पानी पिलं की संडासची किल्ली मागाया लागती बाई. ती सरांकडं असती."

मला फार वाईट वाटलं. सरांना सांगितलं, तर ते उठले आणि संडासचं कुलूपच काढून आणलं. चांगलं कुलूप वाया कशाला घालवायचं, म्हणून स्वतःच्या कपाटाला लावलं. आठवड्यात किल्ली हरवली, आणि चष्मा कपाटात! किल्ली सापडेपर्यंत सरांना आलेला प्रत्येक कागद श्रावणीनं मोठ्यानं वाचून दाखवला. खूश होऊन सरांनी तिला पाणीमंत्री केलं.

*

मग कांद्याची साथ आली. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं घरोघरच्या आज्यांनी ठरवलं आणि सगळा वर्ग कांदे घेऊन आला. गणिताच्या तासाला माझ्याच डोळ्यांत पाणी. त्यातच सुनंदामावशींच्या डब्यातला कांदा संपला. त्या टोपली घेऊन वर्गातून फिरल्या. त्या दिवशीची खिचडी लई भारी झाली.

संध्याकाळी पहिलीतल्या विराजला आजीनं खिसा चाचपून विचारलं, "कांदा कुठंय रं?"

"पोटात."

*

आकाशाचाही भरवसा उरलेला नाही. सकाळी गारठा, दुपारी भट्टी, संध्याकाळी गारा. आधी ताप येतो, मग सर्दी, मग दोन्ही मिळून येतात. विराजची आई त्याच्या दप्तरात स्वेटर, टोपी, छत्री, कफाचं औषध असं सगळं भरून पाठवते. एकदा मी विचारलं, पुस्तक कुठंय? तो म्हणाला, "जागा व्हती कुठं बाई?"

*

एप्रिलमध्ये सरांनी पालकसभा घेतली. विषय, उन्हापासून मुलांची काळजी. सकाळपासून खुर्च्या मांडण्यात, माईक जोडण्यात सरांची धावपळ. श्रावणीची आजीही आलेली. एवढ्या उन्हात पोरीला शाळेत पाठवायचं का, हे ती आज ठरवणार होती. सर अंगणात उभं राहून पाण्याचं महत्त्व सांगत होते. सांगता सांगता थांबले, माईकला धरलं आणि माईकसकट खाली बसले.

आम्ही मोठी माणसं नुसतीच ओरडत राहिलो. श्रावणीनं पोरांना कामाला लावलं. सरांना कडुलिंबाच्या सावलीत आडवं केलं, पायाखाली विराजचं दप्तर सरकवलं. ते चांगलं उंच होतं. सर डोळे उघडून बोलायला लागले, तसं तिनं साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. सरांच्या तोंडावर रंग आला, आणि मग तिनं टेबलावरची त्यांची बाटली उचलून बघितली. काठोकाठ भरलेली.

सरांनी मान फिरवली.

"सर," श्रावणी म्हणाली, "उद्या पालकांना घेऊन या."

तिची आजी पदर तोंडाला लावून हसत होती. जाताना मला म्हणाली, "पोरगी येऊ द्या शाळंत. तुमच्यावर ध्यान ठिवाया कुनीतरी पायजेच की."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी सरांची मोटारसायकल फाटकातून आत आली. मागं त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आई बसल्या होत्या. हळूच उतरल्या, लुगडं नीट केलं आणि रांगेकडं बघून म्हणाल्या, "मंत्रीनबाई कोन हायती? मला बोलावनं हाय."