मुठीतली माळ

दारूची दुकानं पायी फिरून बघायची, तीही गाइड घेऊन, असा काही प्रकार जगात असतो हे मला लंडनला जाईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या जुन्नर तालुक्यात हे काम लोक गाइडशिवाय करतात आणि सहसा कुणाचा रस्ता चुकत नाही.

डिंगोऱ्याला माझं खता-औषधांचं दुकान आहे. दोन हजार सालानंतर औषध कंपन्यांना दुकानदारांना परदेशी फिरवून आणायची हौस आली. एका वर्षी टोमॅटोवर इतके रोग पडले की माझी विक्री आपोआप वाढली आणि मला लंडनची दोन तिकिटं मिळाली. शेतकऱ्याचं पीक बसल्यावर आपण विमानात बसायचं, हे मला तेव्हाही खटकलं होतं, पण तिकिटं परत करण्याइतकं खटकलं नाही. बायको म्हणाली, दोघंही गेलो तर दुकान कोण बघणार. तेव्हा वहिनीच म्हणाली, "ह्यांना न्या की भावजी. जल्मभर वावर सोडून कुठं गेले न्हाईत."

ह्यांना म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. दादाबद्दल थोडं सांगायला हवं. नव्वद सालानंतरची पाच-सहा वर्षं तो फार प्यायचा. टोमॅटो घेऊन मार्केटला गेला की टेम्पो सरळ चालत यायचा आणि दादा टेम्पोच्या हौद्यात आडवा यायचा. मी कितीदा तरी त्याला बारमधून उचलून आणला. वहिनीने सोसलं ते तिचं तिला माहीत. मग एका वर्षी गावच्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनानंतर, तो कुणालाही न सांगता उठला, महाराजांपुढे मान वाकवून बसला आणि गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. त्या दिवसापासून थेंब नाही. मटण नाही, अंडंही नाही.

आमच्याकडे माळकरी दोन प्रकारचे. एक खरे आणि दुसरे खुंटीवाले. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघर मटण शिजतं, तेव्हा खुंटीवाले माळ काढून खुंटीला अडकवतात, दोन दिवस मनसोक्त जेवतात आणि आंघोळ करून पुन्हा घालतात. माळ गळ्यात नव्हती, म्हणजे ती बाटली नाही, असा त्यांचा हिशेब. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. दादा मात्र यात्रेतही पाहुण्यांच्या पंगतीत पिठलं-भाकरी खायचा आणि त्याच्या शेजारी बसून रस्सा ओरपताना मला त्याचा अभिमान वाटायचा.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनीने त्याची माळ नव्या दोऱ्यात ओवली. गळ्याबरोबर बसणारी, मागे गाठ मारलेली. "तिकडं तुटली तर कुठं मिळायची," ती म्हणाली. गाठ मारताना माझ्याकडे बघून म्हणाली, "ध्यान ठेवा." दोऱ्यावर की माणसावर, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

लंडनमध्ये तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या कार्यक्रमात जुन्या पबांची पायी सफर होती. मी टूर मॅनेजरला म्हणालो, आम्ही दोघं हॉटेलवरच थांबतो. तो पुण्याचा, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "काका, जेवण शेवटच्या पबाशेजारच्या इंडियन हॉटेलात आहे, बसही तिथेच येणार. इथे थांबलात तर उपाशी राहाल." दादालाही यायचंच होतं. "आरं, भिंतींकडं बघत बसाया आलोय व्हय इतक्या लांब? मी सरबत पिईन." त्यात खोटं काही नव्हतं. त्या क्षणी तरी नव्हतं.

गाइड एक उंच, पन्नाशीची बाई होती. हातात लाल छत्री. ती छत्री वर करायची आणि आम्ही वीस-पंचवीस दुकानदार तिच्यामागे मेंढरांसारखे चालायचो. प्रत्येक पबात अर्धा-पाऊण तास, मग पुढचा. माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं. किती मिली, किती लिटर पाण्यात, आणि पोटात गेल्यास काय करावं. तेवढ्यावर मी दादाला तिची माहिती मराठीत सांगत होतो. ही फरशी उतरती का, हा लाकडी काउंटर एवढा काळा कसा झाला. ज्याचा अर्थ लागला नाही ते मी पदरचं घातलं.

पहिल्या पबात दादाने संत्र्याचा रस घेतला. लोणी गावचा एक गडगडाटी हसणारा दुकानदार आमच्यात होता, त्याने ग्लास पुढे केला, "घ्या राव पावणं, हितं कोण बघतंय?" दादाने गळ्याला हात लावून दाखवला. त्या माणसाने लगेच कानाला हात लावले आणि पुन्हा कधी आग्रह केला नाही. मी निश्चिंत झालो.

दादा कोपऱ्यात बघत होता. तिथे एक म्हातारा एकटा बसला होता. पायाशी कुत्रं झोपलेलं, पुढ्यात एक ग्लास. एक घोट घ्यायचा, पेपरात बघायचा, बऱ्याच वेळाने दुसरा घोट. आम्ही निघेपर्यंत त्याने तो एक ग्लास संपवला, टोपी घातली, कुत्र्याला उठवलं आणि घरी गेला.

"बघितलं का," दादा म्हणाला. "एकच पिला. आन् गेला बी घरी."

"मग?"

"आपल्याला आसं कधी जमलं न्हाई."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता म्हणता येतं. पण कळून मी काय करणार होतो, हेही आता म्हणता येतं.

दुसऱ्या पबात कुणीही आग्रह केला नाही. केला असता तर मला भांडायला माणूस तरी मिळाला असता. आम्ही उभे होतो, बाई काहीतरी सांगत होती, आणि दादाने दोन्ही हात मानेमागे नेले. मला वाटलं मान अवघडली. विहिरीत उडी मारायच्या आधी पोरं जसा शर्ट दुसऱ्याकडे देतात, तशी त्याने गाठ सोडून माळ माझ्या हातात दिली.

"धर जरा."

"दादा, नको."

"एकच. त्या म्हाताऱ्यासारखा."

"वहिनीला काय सांगू मी?"

"काय सांगायचंय? माळ तर तुझ्यापाशी हाय. तिला काय झालं न्हाई."

त्याने शांतपणे एक ग्लास घेतला आणि खरोखरच हळूहळू प्यायला. मी माळ घेऊन उभा. ठेवायची कुठे? टेबलावर बिअर सांडलेली, शेजारी कुणाची तरी मटणाची बशी. पँटच्या खिशात कमरेखाली ठेवायला मन धजेना. शर्टाच्या खिशात चामड्याचं पाकीट. मी गळ्यात घालावी तर मी दुपारीच कोंबडी खाल्लेली. शेवटी मूठ आवळून छातीशी धरली. गावात खुंटीवाल्यांना हसलो होतो, तो मी परमुलखात खुंटी होऊन उभा राहिलो.

दुसऱ्या पबातला एक ग्लास तिसऱ्या पबातही एकच होता. चौथ्यात मी मोजणं सोडलं. मॅनेजरकडे गेलो, म्हणालो, "ह्यांना हॉटेलवर न्यायचंय." तो म्हणाला, "काका, सगळ्यांनी एकत्र राहायचं. आणि दादा तर किती छान एन्जॉय करतायत." रस्ता मला माहीत नाही, आमच्या हॉटेलचं नाव धड उच्चारता येत नाही. प्रत्येक पबागणिक आम्ही हॉटेलपासून लांब आणि त्या जेवणाच्या जवळ चाललो होतो. मी त्याला हाताला धरून कुठे ओढणार होतो? त्याचा मला इतका राग आला होता की रडू फुटेल असं वाटत होतं.

वाईट म्हणजे उजेड मावळत नव्हता. आमच्याकडे दिवेलागणीला दारू सुरू होते, निदान अंधार माणसाला झाकतो. तिथे मे महिन्यात संध्याकाळ संपतच नाही. लख्ख उजेडात दादा रस्त्याने हेलकावे खात चालला होता. छत्रीवाल्या बाईला तो मराठीतून टोमॅटोवरच्या करप्याबद्दल सांगत होता आणि ती मान डोलावून ऐकत होती. तिच्या मते आख्ख्या घोळक्यात मन लावून ऐकणारा तो एकटाच होता, असं मॅनेजरने मला कौतुकाने सांगितलं. माझ्या मुठीकडे बघून मात्र तिने विचारलं, हाताला लागलंय का? मी "येस मॅडम" म्हणालो. पोटात गेल्यास काय करावं, एवढंच इंग्रजी मला येत होतं आणि ते कामाचं नव्हतं.

शेवटच्या पबाबाहेर तिने सगळ्यांचा फोटो काढला. कंपनीने पुढे तो फ्रेम करून पाठवला. दुकानात लावलाय. दादा मधोमध हसतोय, आणि मी कडेला, उजवी मूठ छातीशी. गिऱ्हाइकं विचारतात, "घोषणा देत व्हता का काय?"

सकाळी दादा माझ्या आधी उठला. आंघोळ करून, ओल्या अंगाने माझ्यापुढे पाठ करून बसला. रात्री मी माळ स्वच्छ रुमालात गुंडाळून टीव्हीवर ठेवली होती.

"बांध," तो म्हणाला.

त्याची मान खाली होती. केस पांढरे झालेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ओरडायचं, शपथ घालायची, असं रात्रभर ठरवलेलं सगळं त्या मानेकडे बघून जिरलं. मी बांधली. बियाण्याच्या पिशव्यांना दिवसभर गाठी मारणारा माणूस मी, बोटांनी सवयीने जी मारली ती मारली.

घरी आलो तेव्हा वहिनी दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने दादावरून तुकडा ओवाळला. ओवाळताना ती त्याच्याभोवती थोडी पुढे-मागे झाली. माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे. ते आधी गळ्याकडे गेले. माळ जागेवर होती. तिने तुकडा लांब फेकला आणि मला म्हणाली, "तुमी संगं व्हता म्हणून घोर नव्हता, भावजी." मग आम्हाला पुरणपोळी वाढली.

मला वाटलं होतं ते तिकडचं तिकडेच राहिलं. पाऊसकाळ सरला आणि एका संध्याकाळी दादा दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग दोन्ही हात मानेमागे नेले.

"धर जरा."

मी नाही म्हणालो. चांगला चढ्या आवाजात म्हणालो. त्याने माळ गल्ल्यावर, कीटकनाशकाच्या बाटल्यांमध्ये ठेवली आणि निघून गेला. मी ती तिथे राहू देऊ शकलो नाही. सकाळी तो आंघोळ करून आला, पाठ करून बसला. मी बांधली नसती तर तो तसाच घरी गेला असता, आणि वहिनीने मोकळा गळा बघितला असता. मी बांधली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग आठवड्यातून दोनदा. मी त्या फोटोखाली माळेसाठी एक खिळा ठोकला. दादा आता पूर्वीसारखा बारमध्ये पडत नव्हता, रात्री आमच्या मळ्यातल्या खोलीत झोपायचा. घरी सांगायचा, पाण्याची पाळी आहे. लोणीच्या दुकानदाराला मी एकदा फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राव, आता काय बोलावं." मला तरी काय कळत होतं.

वर्ष-दीड वर्षाने, दिवेलागणीला, वहिनी दुकानात आली. ती कधी यायची नाही. टोमॅटोवर करपा आलाय, औषध द्या म्हणाली. मी बाटली काढायला वाकलो. वर बघितलं तेव्हा ती फोटोकडे बघत होती. फोटोकडे नाही, खाली खिळ्याला अडकवलेल्या माळेकडे.

मी बाटली हातात धरून उभा राहिलो. आता ती बोलेल, ओरडेल, काहीही म्हणेल, आणि एकदाचं सुटेन, असं मला वाटलं. खरंच सुटावं वाटलं.

"ह्ये तिकडनंच सुरू झालंय, नव्हं?" ती म्हणाली.

"तुम्हाला कसं..."

"गाठ दुकानाची व्हती. भाकरतुकडा टाकतानाच दिसली."

म्हणजे त्या दिवशी दारात, घोर नव्हता म्हणाली तेव्हा, तिला माहीत होतं. दीड वर्ष दर खेपेला तिने माझी गाठ बघितली होती.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलून तुमी काय केलं आसतं, भावजी?"

टोमणा नव्हता तो. तिने खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी थांबली. मी इकडेतिकडे बघितलं. दुकानात सगळ्या रोगांवरची औषधं मांडलेली होती.

तिने बाटली पिशवीत घातली. जाताना पायरीवर थांबली.

"खिळा जरा वर ठोका," ती म्हणाली. "औषधांचा वास लागतो माळंला. घरात येतो."

ती गेल्यावर मी हातोडी घेतली आणि खिळा वर ठोकला.